शेजारची खुर्ची

२०१४ साली जॅझ शिकण्या-शिकवण्यावरचे दोन अमेरिकन चित्रपट आले. त्यातला एक सगळ्यांनी पाहिला, तो 'व्हिप्लॅश'. न्यूयॉर्कमधलं एक काल्पनिक संगीत महाविद्यालय, ड्रम बडवून बडवून हाताची सालं निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि काळा टी-शर्ट घातलेला टकला मास्तर. लय सुटली म्हणून हा मास्तर मुलाच्या दिशेने खुर्ची भिरकावतो. आपल्याकडे हा चित्रपट फार आवडला, आणि त्यात नवल नाही. शिष्याला रडवणारा गुरू आपल्या ओळखीचा असतो. एकच पलटा सहा महिने घोटून घेणारे, तंबोरा नीट लागला नाही म्हणून शिष्याला दाराबाहेर उभं करणारे उस्ताद आपल्या दंतकथांमध्ये पैशाला पासरी सापडतात. आपण त्या कथा अभिमानाने सांगतो. त्या शिष्याचं पुढे काय झालं, हे मात्र विचारत नाही.

या मास्तराचीही एक लाडकी दंतकथा आहे. ड्रमर जो जोन्सने चार्ली पार्करच्या डोक्याच्या दिशेने सिंबल भिरकावली, म्हणून पार्कर 'बर्ड' झाला, असं तो सांगतो. प्रसंग खरा आहे, तपशील चुकलेला आहे. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबात रात्रीच्या जॅममध्ये पंधरा-सोळा वर्षांचा पार्कर वाजवता वाजवता रस्ता चुकला. जो जोन्सने सिंबल काढली आणि त्याच्या पायाशी टाकली. ठण्णकन आवाज झाला, लोक हसले, पोरगं सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडलं. म्हणजे झाला तो अपमान होता. डोकं फोडायचा बेत कुणाचा नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगरात एका बँडबरोबर गेला. जवळ सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या होत्या, त्या त्याने पाठ केल्या. आणि त्याच बँडमध्ये पियानो आणि गिटार वाजवणाऱ्यांनी त्याला स्वरसंगती, म्हणजे सुराखाली सूर कसे बांधलेले असतात ते, रोज थोडं थोडं उलगडून दाखवलं. उन्हाळा संपला तेव्हा पार्कर वेगळाच वाजवू लागला होता. फेकलेली सिंबल सगळ्यांच्या लक्षात राहिली. शेजारी बसून शिकवणारा गिटारवाला कुणाच्या लक्षात राहिला नाही.

जॅझ शिकणाऱ्या तरुणांना संधी काय, हा विषय निघाला की मला हा गिटारवाला आठवतो. आज शिष्यवृत्त्या आहेत, उन्हाळी शिबिरं आहेत, स्पर्धा आहेत, पदव्या आहेत. मी त्यातल्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो: शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार आहे? आपल्याकडे या खुर्चीचं नाव वेगळं आहे. गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसायचं. मैफलीत शिष्याला तंबोऱ्यामागे जागा मिळाली की तालमीत न सांगितलेल्या शंभर गोष्टी तिथे कळतात: श्रोते थंड असले तर बुवा काय करतात, आवाज लागत नसला तर कुठला राग काढतात, तबलजी चुकला तर त्याच्याकडे बघतात की बघत नाहीत. यातलं काही विशारदच्या अभ्यासक्रमात नाही.

जॅझची ही तंबोऱ्यामागची जागा म्हणजे बँडमधली खुर्ची. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत अमेरिकेत नाचाच्या बँडांचा सुकाळ होता. सोळा-सतरा जणांचा बँड बसमधून गावोगाव फिरे. अठरा वर्षांचा पोरगा तिसऱ्या ट्रंपेटच्या खुर्चीवर बसे. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला दहा-दहा वर्षं मुरलेली माणसं. श्वास कुठे घ्यायचा हे तो शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघून शिके. मग १९४२ ते ४४ वादक संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, १९४४ मध्ये नाचघरांवर जबर कर बसला, युद्धानंतर लोक घरी बसून करमणूक करू लागले. मोठे बँड एकामागून एक मोडले. खुर्च्या गेल्या.

कॉलेजं आली ती नेमकी या रिकाम्या जागेत. लॉरेन्स बर्क नावाच्या इंजिनिअरने १९४५ मध्ये बॉस्टनला एक छोटी शाळा काढली. १९५४ मध्ये तिला आपल्या मुलाचं नाव जोडून घेतलं, मुलगा ली बर्क म्हणून शाळा बर्कली. १९४७ मध्ये टेक्सासमधल्या डेंटनच्या सरकारी कॉलेजने या संगीताची पहिली पदवी सुरू केली, पण 'जॅझ' हा शब्द टाळला. पदवीचं नाव ठेवलं 'डान्स बँड'. 'जॅझ' हा शब्द त्या काळी तसाच बदनाम होता, जशी आपल्याकडे एकेकाळी तमाशाची ढोलकी घरात वाजवायची नसे. पण याहून बोचरी गोष्ट दुसरी आहे. ज्या वर्षी ही पदवी सुरू झाली त्या वर्षी त्या कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. ज्यांच्या घरातून संगीत आलं, त्यांची मुलं फाटकाबाहेर.

आणि फाटकाबाहेर शिक्षण नव्हतं असं मुळीच नाही. शिकागोच्या दक्षिण भागातल्या डू सेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायेट तीस-एक वर्षं बँड शिकवत होते. शिस्तीला कडक, सुराला त्याहून कडक. शाळेकडे पैसे नसत, म्हणून दरवर्षी 'हाय-जिंक्स' नावाचा मुलांचा जलसा बसवायचा, तिकिटं विकायची आणि त्यातून वाद्यं घ्यायची. जीन अमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन हे सॅक्सोफोनचे बादशहा त्याच एका खोलीतून बाहेर पडले. अशा शाळांत असे मास्तर का सापडत, याचं एक कारण कडू आहे. उत्तम शिकलेल्या कृष्णवर्णीय वादकाला सिम्फनी ऑर्केस्ट्रात कुणी उभं करत नसे. मग तो शाळेत शिकवायला येई. भेदभावाने ज्यांच्या वाटा अडवल्या, त्यांनी शाळेच्या बँडला जन्म दिला. याला सुदैव म्हणायचं धाडस मला होत नाही.

तोंडी परंपरेतलं संगीत वर्गात नेलं की काय होतं, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी उस्तादांच्या पेटीत बंद असलेल्या चिजा मिळवून क्रमिक पुस्तकांत छापल्या, तेव्हा तक्रारी झाल्याच. सगळे सारखे गातील. पुस्तकातून गातील. तानसेन नाही निघणार, कानसेन निघतील. बर्कलीतल्या मुलांनी सत्तरच्या दशकात अगदी असाच उद्योग केला. शेकडो जॅझ रचनांचं नोटेशन हाताने लिहून त्यांनी एक जाडजूड पुस्तक बांधलं आणि झेरॉक्सच्या दुकानांतून चोरून विकलं. कुणाला मानधन नाही, कुणाची परवानगी नाही, कित्येक ठिकाणी सूरही चुकीचे. नाव मात्र 'द रिअल बुक'. पुढची तीस वर्षं जगभरच्या जॅम सेशनमध्ये ते चुकलेले सूर प्रमाण मानून वाजवले गेले. २००४ मध्ये एका प्रकाशकाने त्याची अधिकृत, दुरुस्त आवृत्ती काढली. छापलेल्या चुकीला किती दीर्घ आयुष्य असतं, हे शाळा-मास्तरांइतकं कुणाला कळत नसेल.

तक्रार खोटी नाही, पण माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे. पुस्तक वाईट नसतं. पुस्तक घेऊन पोरगं एकटं बसतं, हे वाईट. १९५९ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी तीन आठवड्यांची जॅझ शाळा भरली होती. १९५७ पासून जेमतेम चार उन्हाळे ती चालली. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे पियानोवादक जॉन लुईस तिचे संचालक. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन होता, वय एकोणतीस. ज्याचं वादन ऐकून भलेभले वादक मंचावरून उतरून जात, तो लेनॉक्समध्ये वही घेऊन बसला होता. शेजारी त्याचा ट्रंपेटवाला साथीदार डॉन चेरी. लुईस यांनी या दोघांना काय शिकवलं असेल? फारसं काही नसावं. त्यांनी ऐकलं, आणि ऐकल्याचं इतरांना सांगितलं. तीन महिन्यांनी ऑर्नेट न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात वाजवत होता आणि अर्धं शहर त्याच्यावरून भांडत होतं. पुढे सत्तरच्या दशकात युरोपात त्याच डॉन चेरीच्या शेजारी मुंबईचा एक तबलावाला बसला, ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक. खुर्च्या अशा सरकत जातात.

आता पैशाचं बोलू. बर्कलीची नुसती शिकवणीची फी आज वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या बरीच वर आहे. अमेरिकेत जे संगीत ऐकलं जातं त्यात जॅझचा वाटा शंभरात एखाद्याचा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहिले की कुठल्याही मध्यमवर्गीय आईबापांच्या पोटात गोळा येईल. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण शेवटी जॅझच शिकवू लागतात, आणि त्यांचे विद्यार्थीही पुढे तेच करतात. या चक्राची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. आपल्याकडे गाण्याच्या शिकवण्या करून संसार चालवणाऱ्या बाईंनीच शास्त्रीय संगीताचा श्रोता टिकवला. संध्याकाळी पेटी पुढ्यात ओढून भूपाचे अलंकार घोकून घेणाऱ्या त्या बाई नसत्या, तर सवाई गंधर्वच्या मंडपात सतरंजीवर कोण बसलं असतं? वाईट आहे ते कर्ज. ज्याला दरमहा हप्ता भरायचा आहे तो रात्री दोन वाजता फुकटच्या जॅमला जाऊन मार खात नाही, आणि त्या माराशिवाय हे संगीत येत नाही.

पैशाचा फटका शिक्षकांच्या संघटनेलाही बसला. १९६८ साली अमेरिकेत जॅझ शिक्षकांची संघटना निघाली, वाढली, आंतरराष्ट्रीय झाली, तिच्या वार्षिक संमेलनाला हजारोंनी माणसं येऊ लागली, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये तिने दिवाळं काढलं. त्याच वर्षी 'जॅझ एज्युकेशन नेटवर्क' नावाची नवी संघटना उभी राहिली. तिचं संमेलन आता जानेवारीत भरतं. ही संमेलनं म्हणजे जत्रा. मोठ्या हॉटेलच्या एकेका दालनात सकाळपासून शाळांचे बँड वाजवत असतात, खाली वाद्यविक्रेत्यांच्या मांडवात पन्नास पोरं एकाच वेळी पन्नास ट्रंपेट फुंकून बघत असतात. कानाला त्रास होतो. पण ओहायोतल्या पोराला रात्री लॉबीतल्या जॅममध्ये टेक्सासची पोरगी भेटते, आणि आपल्या गावात आपण सगळ्यांत भारी, ही त्याची समजूत एका रात्रीत धुऊन निघते. याला मी संधी म्हणेन.

पोरगी म्हटलं खरं, पण ही खुर्ची मुलींना कधी सहज मिळाली नाही. बँडच्या बसमध्ये गायिका असे. ट्रंपेटवाली, ड्रमवाली क्वचितच. टेरी लिन कॅरिंग्टन ही बॉस्टनजवळची मुलगी दहाव्या वर्षी विचिटाच्या महोत्सवात मोठ्या वादकांबरोबर ड्रमवर बसली, अकराव्या वर्षी तिला बर्कलीची शिष्यवृत्ती मिळाली. २०१८ मध्ये तिने त्याच बर्कलीत जॅझ आणि स्त्री-पुरुष न्याय या विषयाची संस्था काढली, आणि २०२२ मध्ये स्त्री-रचनाकारांच्या १०१ रचनांचं पुस्तक छापलं. त्या चोरट्या झेरॉक्स-पुस्तकाला दिलेलं हे पन्नास वर्षांनंतरचं उत्तर आहे, असं मी समजतो. विचिटाला ती कुणाबरोबर वाजवायला बसली होती, ते नाव पुढे येईल.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींपैकी मला सगळ्यांत सुंदर वाटते ती ड्यूक एलिंग्टनच्या कागदांची. एलिंग्टन बँडसाठी लिहायचा तेव्हा सुट्या कागदावर 'पहिला आल्टो सॅक्सोफोन' असं लिहीत नसे. ज्याने वाजवायचं त्या माणसाचं नाव लिही. हा कागद जॉनी हॉजेसचा, हा कूटी विल्यम्सचा. सूर वाद्यासाठी नव्हता, माणसासाठी होता. त्यामुळे ते संगीत शाळांच्या हाती पडणं अवघडच होतं. १९९० च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्कच्या 'जॅझ ॲट लिंकन सेंटर'ने, ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसच्या पुढाकाराने, या रचनांची जशीच्या तशी नोटेशनं तयार करून हायस्कुलांना विनामूल्य वाटायला सुरुवात केली. दर मे महिन्यात निवडक बँड न्यूयॉर्कला येतात. त्याआधी एखादा मुरलेला वादक त्यांच्या शाळेत जाऊन मुलांमध्ये बसतो. कुठल्या तरी थंडगार गावातली सोळा वर्षांची मुलगी जॉनी हॉजेसच्या जागेवर बसते आणि त्याचा तो मोगऱ्यासारखा घसरता सूर काढायला बघते. निघत नाही. पण आपण कुणाच्या खुर्चीवर बसलोय हे तिला कळतं.

दुसरी गोष्ट पियानोवादक बॅरी हॅरिस यांची. डेट्रॉइटमध्ये हे पोरगेले असताना त्यांच्या आईच्या घरी पियानोभोवती गावातली पोरं जमत. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दर आठवड्याला वर्ग घेतला, दशकानुदशकं. प्रवेशपरीक्षा नाही, पदवी नाही, फी किरकोळ. पियानोवाले, गायक, फुंकवाद्यंवाले एकामागून एक. परदेशातून आलेला प्रवासी विमानतळावरून थेट तिथे येऊन बसला तरी कुणी हटकत नसे. म्हातारा खेकसायचाही. करोनाच्या काळात नव्वदी गाठलेले हॅरिस झूमवर शिकवत होते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये, ब्याण्णवाव्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना, ते गेले.

गोव्याच्या चर्चमधल्या मेस्त्रींची, म्हणजे संगीत-मास्तरांची, आठवण इथे होणं अपरिहार्य आहे. गावच्या पॅरिश शाळेत सात-आठ वर्षांच्या पोराला आधी नुसतं सोल्फेज म्हणायला लावायचे, मग हातात व्हायोलिन द्यायचे. त्या फुकटच्या शिक्षणावर पोरं मुंबईत आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन ताजमध्ये आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या पोरांना वाचता येत होतंच. झुलवायचं कसं ते त्यांनी या माणसांजवळ बसून उचललं. पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जे वाजलं त्याचा उगम असा दुहेरी आहे. मेस्त्री आणि शेजारची खुर्ची. यातलं एक असतं आणि दुसरं नसतं, तर 'अलबेला' सिनेमा तसा वाजला नसता.

आता तो दुसरा चित्रपट. 'कीप ऑन कीपिन ऑन'. ॲलन हिक्स या ऑस्ट्रेलियन ड्रमरने आपल्या गुरूवर केलेला माहितीपट. गुरू म्हणजे ट्रंपेटवादक क्लार्क टेरी; काउंट बेसी आणि एलिंग्टन दोघांच्याही बँडमधले. सेंट लुईसमधल्या गरीब घरात लहानपणी ट्रंपेट परवडत नव्हता म्हणून त्यांनी बागेच्या रबरी नळीला नरसाळं जोडून फुंकणी केली होती. थोडे मोठे झाल्यावर एका वयस्क वादकाला युक्ती विचारली, तर त्याने मुद्दाम चुकीची सांगितली. नवा स्पर्धक कशाला, म्हणून. टेरींनी तेव्हापासून ठरवलं की विचारायला येईल त्याला सगळं सांगायचं. सिॲटलमध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या आधी, भल्या सकाळी त्यांच्याकडे येऊ लागला. रात्रभर वाजवून आलेले टेरी डोळे चोळत उठत. तो मुलगा क्विन्सी जोन्स. विचिटाला दहा वर्षांच्या टेरी लिनला शेजारी घेऊन वाजवणारेही हेच.

माहितीपटात टेरी नव्वदीतले आहेत. मधुमेहाने दृष्टी जात चालली आहे, पाय कापावे लागतात. पलंगाशेजारी बसलाय जस्टिन कॉफ्लिन, विशीतला पियानोवादक, अकराव्या वर्षापासून अंध. पायाशी त्याची वाट दाखवणारी कुत्री. मध्यरात्र उलटलेली. टेरी पडल्या पडल्या तोंडाने एक वाक्य म्हणतात, ट्रंपेटच्या बोलांत. जस्टिन ते परत म्हणतो. नाही, असं नाही. पुन्हा. हे तासन् तास चालतं. कुणी ओरडत नाही. जस्टिनला वाजवायला बसलं की भीती वाटते. २०११ मध्ये तो पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या नावाच्या मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बक्षीस मिळालं नाही. परत येऊन त्याच पलंगाशेजारी बसला. एके दिवशी क्विन्सी जोन्स जुन्या मास्तरांना भेटायला आले, त्यांनी त्याला ऐकलं, आणि आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं.

ऑस्करच्या नामांकनांत हा माहितीपट आला नाही. २२ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री 'व्हिप्लॅश'मधल्या खुर्ची फेकणाऱ्या मास्तराला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. क्लार्क टेरी आदल्याच दिवशी वारले होते, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी.